कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर चित्र काढायला बसताना

मुंबईत जलरंग शिकणारा माणूस कधी ना कधी कोळीवाड्यात येतोच. रंगवलेल्या होड्या, त्यांवरचे बावटे, वाळत घातलेले बोंबील, डोक्यावर पाटी घेतलेली बाई. विषय आयता वाटतो, आणि आयता वाटतो म्हणूनच बहुतेकांचं चित्र एकच निघतं: नऊवारीतली कोळीण, नाकात नथ, आंबाड्यावर गजरा, पाटीत चकचकीत पापलेट आणि मागे केशरी सूर्य. ही बाई कॅलेंडरात भेटते. पहाटे सहाला किनाऱ्यावर जी भेटते तिच्या अंगात गाऊन असतो, त्यावर घरातल्या कुणाचा तरी जुना शर्ट, पायात गमबूट, हातात रबरी मोजे. आणि तुमच्याकडे बघायला तिला वेळ नसतो.

लुगडं-फडकी किंवा पुरुषांचा सुरका आणि लाल टोपी खोटी आहे असं नाही. नारळी पौर्णिमेला, लग्नात, हळदीला सगळं बाहेर निघतं, आणि काही वयस्क बायका अजून रोजही लुगडंच नेसतात. दिसलं तर जरूर काढा. पण न दिसलेलं लुगडं कुणाच्या अंगावर चढवू नका. किनाऱ्यावर चित्र काढायचं तर काम काढायचं. कोण काय उचलतंय, कुणाचं वजन कुठे पडलंय, कोण कुणाकडे काय फेकतंय, हे आधी. पोशाख, होडीचा रंग आणि सूर्यास्त मागाहून. पुढे जे सांगतोय ते याच हिशेबानं, आणि माध्यम जलरंग धरून.

आधी जागा ठरवा

पहिल्या वेळेसाठी वेसावे, म्हणजे वर्सोवा कोळीवाडा, मला सगळ्यात सोयीचा वाटतो. अंधेरीकडून मेट्रोनं वर्सोवा स्टेशन, तिथून रिक्षा. एका बाजूला खाडी आणि बोटींचा धक्का, दुसऱ्या बाजूला मोकळी वाळू, तिच्यावर बोंबलाच्या वलांड्या, म्हणजे मासळी वाळत घालायच्या बांबू-दोरीच्या मांडण्या. एकाच फेरीत गर्दीचं कामही मिळतं आणि निवांत बसायला जागाही. खाडी ओलांडून फेरीबोटीनं मढला गेलात तर तिथेही वाळवण दिसतं, आणि बघ्यांची वर्दळ कमी असते.

वरळी कोळीवाडा देखणा आहे, पण त्यात एक सापळा आहे. मागे सी-लिंक. तो २००९ मध्ये सुरू झाला तेव्हापासून तिथे बसणाऱ्या प्रत्येकाच्या चित्रात आपोआप शिरतो आणि पुढचं काम गिळून टाकतो. नवशिक्यानं वरळीला बसायचं तर पुलाकडे पाठ करून गल्लीच्या तोंडाशी बसावं. पूल काढायचाच असेल तर फिकट राखाडी, ब्रशच्या एका फटकाऱ्यात, केबल मोजत न बसता. माहीम आणि खारदांड्याला अगदी पहाटे जाऊन फक्त वहीत रेखाटनं करणं चांगलं. रंगांचं सगळं बिऱ्हाड तिथे मांडायला जागा मिळेलच असं नाही.

ससून डॉक मात्र दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यासाठी राखून ठेवा. १८७५ साली बांधलेल्या या गोदीत पहाटे लिलाव चालतो तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. बोटीवरून धक्क्यावर पाट्या हातोहात फेकल्या जातात, ओल्या फरशीवरून क्रेट ओढले जातात, हातगाड्या अंगावर येतात. तिथे स्टूल मांडून बसणारा माणूस ही अडचण असते. उभ्यानं, खिशात मावेल अशा वहीत, भिंतीला पाठ लावून रेखाटायचं आणि रंग घरी भरायचे. फोटोसाठी तिथे परवानगी लागते, त्यामुळे मोबाइलच्या भरवशावर जाऊ नका.

जागा ठरवताना उजेड कुठून येणार तेही बघा. वेसावे, मढ, खारदांडा हे पश्चिमेचे किनारे. सकाळी सूर्य वस्तीच्या मागून येतो, त्यामुळे समुद्राकडे तोंड करून बसलात तर होड्यांवर आणि माणसांवर समोरून उजेड पडतो, रंग स्वच्छ दिसतात, सावल्या पाण्याच्या दिशेनं लांब जातात. संध्याकाळी उलट: सगळं काळं, पाणी चकाकतं. ससून डॉक कुलाब्याच्या पूर्व बाजूला आहे, तिथे हा उलटा प्रकार सकाळीच मिळतो. उलट्या उजेडात चित्र पटकन जमल्यासारखं वाटतं, कारण नुसत्या काळ्या आकृत्या भरल्या की झालं. पण त्यात हात काय करतोय ते दिसत नाही. सुरुवात समोरच्या उजेडात करा.

भरती-ओहोटी बघून निघा

हे न बघता निघणारे नवशिके अर्धी सकाळ वाया घालवतात. मुंबईत दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज पाऊण तासापेक्षा थोडी जास्त पुढे सरकते. कोकणपट्टीवरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, बारा-साडेबाराला ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या सुमाराला भरती आणि पहाटे पाणी लांब गेलेलं. हा अंदाज झाला. नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात किंवा मोबाइलवर बघून घ्या.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप आत जातं. पावसाळ्यात तर काही दिवशी भरती साडेचार मीटरच्या वर जाते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याचा चढउतार कमी. पहिल्या काही वेळा भांगाचे दिवस निवडा. दोन तासांत दृश्य फारसं बदलत नाही.

ओहोटीला होड्या चिखलात एका कुशीवर कलंडतात. तुम्ही तशी होडी काढायला घेतलीत आणि पाणी चढू लागलं, तर ती अर्ध्या तासात सरळ होते आणि तुमचं रेखाटन बसल्या जागी खोटं पडतं. नांगरलेल्या बोटी प्रवाहाकडे तोंड करून उभ्या राहतात, म्हणून पाणी फिरलं की सगळ्या एकदम वळतात. भरती-ओहोटीच्या सांध्याला पाण्यातल्या बोटी काढायला घेऊच नका. त्या वेळात जमिनीवरचं काही काढा. माणसांचं कामही पाण्यावरच ठरतं. वेसाव्याच्या खाडीच्या तोंडाशी गाळ असल्यानं मोठ्या बोटी चढत्या पाण्यावर आत येतात, आणि डोल जाळी, म्हणजे पाण्यात रोवून ठेवलेली पिशवीसारखी जाळी, तर चालतातच भरती-ओहोटीच्या ओढीवर. म्हणजे धक्क्यावर गर्दी कधी होणार हे घड्याळापेक्षा पाणी ठरवतं.

महिने आणि वार

जून-जुलैत मासेमारीला बंदी असते. बोटी वर ओढून, शाकारून ठेवलेल्या असतात. लोक म्हणतात तेव्हा काढण्यासारखं काही नसतं. मला पटत नाही. जाळी शिवायचं आणि बोटींच्या डागडुजीचं काम याच दिवसांत सावकाश चालतं, माणसं तासन्‌तास एका जागी बसलेली असतात, आणि नवशिक्याला असं न हलणारं मॉडेल दुसरीकडे कुठे मिळणार? फक्त छप्पर शोधा. नारळी पौर्णिमेला मिरवणूक असते. ती बघायला जा, पण ते सणाचं चित्र होईल. पावसाळा सरला की बोंबील वाळवायचा हंगाम लागतो आणि थंडीच्या महिन्यांत किनारा भरलेला असतो. उजेडही तेव्हाच सगळ्यात चांगला. ऑक्टोबर आणि एप्रिल-मेमध्ये दहानंतर बसू नका, सगळं पांढरंफटक पडतं आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, कागदावर पसरायच्या आत सुकतो.

बुधवार, शुक्रवार, रविवारी मासळीला गिऱ्हाईक जास्त, तेव्हा बाजाराच्या बाजूला घाई. निवांत काम बघायचं तर सोमवार-गुरुवार बरे. चैत्रात एकवीरेच्या यात्रेला वस्तीच्या वस्ती कार्ल्याला जाते, होळीला कोळीवाड्यात कामं थांबतात. असा दिवस निवडलात तर रिकाम्या होड्या काढून परत याल.

सामान

थोडकं न्या. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, शक्यतो सुती, पोस्टकार्डाच्या दुप्पट आकारापासून ए-फोरपर्यंत. पहिल्या दिवशी त्याहून मोठा नको. आठ नंबरचा आणि बारा नंबरचा गोल ब्रश, एक इंची चपटा, आणि दोरखंडांसाठी एक लांब केसांचा बारीक. रंग सात-आठ पुरतात: अल्ट्रामरिन, सेरुलियन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लाइट रेड, एखादा थंड लाल, लेमन यलो, आणि ताडपत्री-ड्रमांसाठी थॅलो ब्लू. कॅमलच्या आर्टिस्ट दर्जाच्या ट्यूब चालतात. विद्यार्थी दर्जाच्या रंगांत गडद टोन मिळवताना चिखल होतो, म्हणून रंग कमी घ्या पण दर्जा वरचा घ्या. घडीचं स्टूल, दोन क्लिपा, जुना पंचा, टोपी. छत्री समुद्राच्या वाऱ्यात टिकत नाही.

प्यायचं वेगळं आणि ब्रशचं वेगळं असं दोन बाटल्या गोडं पाणी घरूनच न्या. समुद्राचं पाणी वापरून बघायचा मोह होतो. त्यातलं मीठ कागदात राहतं आणि पावसाळ्यात ओल धरतं, तेव्हा नको. चप्पल धुता येईल अशी घाला. आणि रुमाल नाकाला लावायची सवय असेल तर ती घरी ठेवून या. तुम्हाला जो वास येतो त्यावर समोरच्यांचं घर चालतं, आणि तुमचा रुमाल सगळ्यांना दिसतो.

विचारा, मग बसा

कोळीवाडा हे कुणाचं तरी अंगण आहे. उलथ्या घातलेल्या होडीवर विचारल्याशिवाय टेकू नका. पसरलेल्या जाळ्यावरून चालू नका. तुमची चप्पल अडकून दोन धागे तुटले तर शिवत बसायचं काम दुसऱ्या कुणाला तरी लागतं. विकायला बसलेल्या बाईसमोर बोहनी व्हायच्या आधी वही उघडून उभे राहू नका. बोहनी होऊ द्या, जमलं तर तुम्हीच करा. पाव किलो मांदेली घेतलेल्या माणसाकडे बघायची नजर वेगळी असते.

विचारायचं ते मावशी, काकी, दादा म्हणून, आणि सरळ: "मावशी, मी चित्र काढतो. इथे कडेला बसलो तर अडचण नाही ना?" बहुतेक वेळा हो येतं. नाही आलं तर वाद न घालता उठायचं. कुलाब्याकडच्या किनाऱ्यांवर अनोळखी माणसाकडे जास्त रोखून बघितलं जातं, आणि त्यांना तसं करायचा हक्क आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातले दहशतवादी तिथल्याच मच्छीमार वस्तीजवळ होडीतून उतरले होते. ओळखपत्र जवळ असू द्या.

चेहरा ओळखू येईल असं चित्र काढणार असाल तर त्या व्यक्तीला दाखवून विचारा. लांबून काढलेल्या, चेहरा नसलेल्या आकृतीला कुणी हरकत घेत नाही, पण दाखवायची सवय तरीही चांगली. तुमच्या चित्रातली जाळ्याची गाठ चुकली असेल तर ती तिथल्या तिथे कळते, आणि तेवढी कडक परीक्षा कुठल्याही प्रदर्शनात होत नाही.

पहिला तास वही बंद

बसल्या बसल्या रंग काढू नका. आधी नुसतं बघा, आणि एकच प्रश्न मनाशी धरा: इथे परत परत काय होतंय? किनाऱ्यावरचं काम पुनरावृत्तीचं असतं. वलांडीवर बोंबील टाकणारी बाई खाली वाकते, दोन बोंबील उचलते, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवते, हात वर करून जोडी दोरीवर टाकते, परत वाकते. ती तुमच्यासाठी थांबणार नाही, पण तोच हात पुन्हा त्याच जागी येणार आहे.

याचा फायदा असा घ्यायचा. वहीच्या एका पानावर चार-पाच आकृत्या एकदम सुरू करा. वाकलेली, उचलणारी, हात वर गेलेली. ती वाकली की वाकलेल्या आकृतीत दोन रेषा, हात वर गेला की वरच्या आकृतीत दोन. एक पोझ एका दमात पुरी करायच्या नादात सगळ्यात जास्त रेखाटनं मरतात. या पद्धतीनं अर्ध्या तासात पान भरतं आणि त्यातल्या दोन आकृत्या तरी खऱ्या उतरतात.

वजन कुठे आहे ते शोधा

माणूस काढताना चेहऱ्यापासून सुरुवात नको. डोक्यातून खाली एक सरळ रेघ मनात सोडा आणि ती कोणत्या पायाजवळ पडते ते बघा. वजन त्या पायावर. मग खांदे कुठे कलतात, कमर कुठे कलते. एवढं बरोबर असलं की नाक-डोळे नसले तरी माणूस उभा राहतो.

डोक्यावर पाटी असलेली बाई सगळ्यांना काढायची असते आणि बहुतेक जण मान चुकवतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत ओली मासळी आणि बर्फ. एवढ्या वजनाखाली मान वाकवून चालतच नाही. मान ताठ, हनुवटी जमिनीला समांतर, नजर सरळ. झोल सगळा गुडघ्यांत आणि कमरेत जातो, पावलं छोटी पडतात. एक हात पाटीला असेल तर दुसरा अंगापासून जरा लांब, तोल धरायला. आता कॅलेंडरातली कोळीण आठवा: मान एका बाजूला कललेली, कमरेला बाक, चेहऱ्यावर हसू. तिची पाटी रिकामी आहे.

जाळं शिवणारा माणूस जमिनीवर एक पाय लांब करून बसतो, जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेलं, एका हातात सुई, दुसऱ्या हाताच्या बोटांवर जाळ्याचं घर, म्हणजे भोक, मोजलेलं. या पोझमध्ये अंगठ्यापासून हातापर्यंतची ताणलेली रेघ हा चित्राचा कणा. ती एका झटक्यात, सरळ, मग भोवती माणूस.

मासळी निवडणाऱ्या किंवा कोळंबी सोलणाऱ्या बायका उकिडव्या किंवा छोट्या पाटावर बसलेल्या असतात. एकीची वेगळी आकृती काढण्याऐवजी तिघी-चौघींचा मिळून एक ठोकळा बघा. वरची बाह्यरेषा म्हणजे डोकी आणि पाठी; तेवढी नीट जमली की आतलं सगळं दोन-तीन सावल्यांत भागतं. आणि होडी ओढणारी माणसं काढायची तर त्यांच्या पाठीचा कल मोजा. खरोखर ओढणाऱ्याचं अंग इतकं कललेलं असतं की दोरी सुटली तर तो पडेल. चित्रात तसा तो पडेलसा वाटला पाहिजे. नवशिके त्यांना सरळ उभं करतात आणि मग दोरी शोभेची होते.

क्षितिजाची रेघ

किनाऱ्यावर क्षितिज उघडं दिसतं, त्याचा उपयोग करा. सपाट वाळूवर तुम्ही उभे असाल तर तुमच्या उंचीच्या प्रत्येक उभ्या माणसाचे डोळे क्षितिजावर येतात, मग तो दहा फुटांवर असो की दोनशे. फरक पडतो तो पायांत. लांबच्याचे पाय क्षितिजाच्या जवळ, जवळच्याचे कागदाच्या खाली. स्टुलावर बसलात तर तीच रेघ सगळ्यांच्या छातीच्या आसपासून जाते. ही एक गोष्ट पाळली की गर्दी आपोआप वाळूवर बसते. उतारावर मात्र पाण्याकडे उतरलेली माणसं जरा खाली जातात, तेवढी सूट द्या.

होडीसाठी आधी ती मावेल असं खोकं हलक्या रेषेत काढा, खोक्याच्या मधोमध रेघ टाका, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, त्या रेघेच्या टोकाला वर उचला, मग कडांचे बाक. कड एका वेळी एक काढली की होडी पिळवटते.

तीन टोनचं छोटं चित्र

रंगांना हात लावायच्या आधी आगपेटीएवढी तीन-चार रेखाटनं करा. त्यांत फक्त कोरा कागद, मधला करडा आणि काळा. कुणाला मोठं करायचं, कुठून कापायचं, हे इथेच ठरवा. चित्रात एकच काम ठेवा. किनाऱ्यावर एकाच वेळी बर्फ फुटतोय, जाळं शिवलं जातंय, भांडण चाललंय, मुलं क्रिकेट खेळताहेत. सगळं घेतलंत तर नकाशा होतो. सगळ्यात काळा आणि सगळ्यात पांढरा भाग जिथे भिडतात तिथे नजर जाते, म्हणून ती जागा काम करणाऱ्या हातांच्या आसपास ठेवा. होडीच्या नाळेवर नको.

रंग

मुंबईचा समुद्र निळा नाही. करडा, मातकट, थोडा हिरवट. अल्ट्रामरिनमध्ये बर्न्ट सिएना आणि चिमूटभर ऑकर मिसळलं की तो मिळतो. हे मान्य केलं की दुसरी गोष्ट सोपी होते: पाणी करडं ठेवलं तर निळी ताडपत्री, निळे ड्रम आणि हिरवी-केशरी जाळी आपोआप पेटतात. पाणीच निळं केलं तर त्यांना जागा उरत नाही.

पहिला वॉश आकाश, पाणी, वाळू मिळून एकच, वरून खाली, जिथे कोरं ठेवायचं तेवढं सोडून: पाटीतली मासळी, शर्टाचा खांदा, पाण्याची कड. तो पूर्ण सुकू द्या. समुद्राच्या दमट हवेत वेळ लागतो, तेवढ्यात चहा घ्या. दुसऱ्या वॉशमध्ये सगळ्या सावल्या एकत्र. होडीची काळी बाजू, तिची वाळूवरची सावली, तिला टेकलेला माणूस, त्याची सावली, हे सगळं एकमेकांत वाहू द्या. माणूस आणि त्याची सावली सुटी रंगवली की तो हवेत तरंगतो. अंगाचा रंग म्हणून बाजारात मिळणारी गुलाबी ट्यूब विकत घेऊ नका. बर्न्ट सिएना, सावलीत त्यातच अल्ट्रामरिन, एवढंच.

ओली वाळू ही या विषयातली सगळ्यात मोठी देणगी. तिच्यात आकाश उतरतं आणि माणसांची प्रतिबिंबं उभी पडतात. कागद ओला असतानाच आकृतीच्या पायाखाली तोच रंग सरळ खाली ओढा, कडा विरू द्या.

वलांड्या काढताना बोंबील मोजू नका. ताजा बोंबील गुलाबी-पांढरा, जवळजवळ पारदर्शक. वाळत जातो तसा पेंढ्याच्या रंगाकडे झुकतो. म्हणजे एकाच वलांडीवर आजची दोरी आणि परवाची दोरी वेगळ्या रंगाच्या दिसतात, आणि हा फरक दाखवला की ओळखणारा ओळखतो. पद्धत अशी: दोरीखाली एक सलग फिकट पट्टा, खालची कड दातेरी, मग मधल्या फटींत मागचा गडद रंग सात-आठ जागी भरा. बांबू शेवटी, एका फटकाऱ्यात. जाळ्याच्या ढिगाची घरं काढायला बसू नका. कोरडा ब्रश आडवा घासला की कागदाच्या खरबरीतपणातून जाळं निघतं. वर दोन-चार बोया आणि एक लोंबता दोर.

आणि मांजरं विसरू नका. कोळीवाड्याच्या चित्रांत बगळे, कावळे, घारी भरपूर असतात, मांजर क्वचित. प्रत्यक्षात मासळी निवडणाऱ्या प्रत्येक घोळक्याला एक तरी चिकटलेलं असतं.

थोरांकडे बघताना

मासेमारी करणाऱ्यांची चित्रं जगभर झाली आहेत, पण शिकायला दोन-तीन पुरे. विन्स्लो होमर हा अमेरिकन चित्रकार १८८१-८२ मध्ये इंग्लंडच्या कलरकोट्स या मच्छीमार गावात राहिला आणि तिथल्या बायका त्यानं जलरंगात काढल्या. पाट्या, जाळी, वारा. त्या बायकांचे पाय जमिनीत रोवलेले दिसतात, हात भरदार आहेत. स्टॅनहोप फोर्ब्सचं कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या मासळीविक्रीचं १८८५ चं चित्र ओल्या वाळूसाठी बघा. समोर चमकणारी वाळू, तिच्यावर मांडलेली मासळी, बोटी मागे लांब.

आपल्याकडे एम. व्ही. धुरंधर (१८६७-१९४४). जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथेच शिकवलं, आणि मुंबईच्या रस्त्यावरची नाना जातीधंद्यांची माणसं काढली. त्यांच्या चालणाऱ्या बायकांच्या पावलांकडे बघा. बी. प्रभा (१९३३-२००१) यांच्या कोळिणी अगदी वेगळ्या: उंच, लांबट, थांबलेल्या. त्या बघून नवशिके लांब माना काढायला लागतात, आणि ते फसतं; प्रभांचा तो आकार बऱ्याच रेखाटनाच्या शेवटी आलेला आहे, सुरुवातीला नाही. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईतल्या समाजांची आणि धंद्यांची मातीची छोटी मॉडेलं आहेत. ती चारही बाजूंनी बघता येतात, त्यामुळे लुगड्याचा काष्टा मागून कसा बसतो यासारखे प्रश्न तिथे वही घेऊन सोडवता येतात. किनाऱ्यावर कुणाच्या मागे जाऊन हे बघत उभं राहू नये.

घरी आल्यावर

किनाऱ्यावर सत्तर टक्के चित्र झालं की उठा. उरलेलं दुसऱ्या दिवशी, आणि फोटो न बघता, वहीतल्या रेखाटनांवरून. फोटो समोर ठेवला की प्रत्येक दोर, प्रत्येक डबा चित्रात शिरायला लागतो. ज्यांचं चित्र काढलंत त्यांना पुढच्या खेपेला त्याची रंगीत झेरॉक्स नेऊन द्या. चित्राला नाव देताना जागेचं आणि कामाचं नाव घाला, "बोंबील टाकताना, वेसावे" असं; नुसतं "कोळीण" नको.

कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, ओल आत अडकते. सपाट फोल्डरमध्ये, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून पंख्याखाली धरा. कोऱ्या कागदाचीही तशीच काळजी घ्या: दमट हवेनं त्याचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच जिरू न देणारी खळ, गेलं की रंग टीपकागदासारखा शोषला जातो, आणि ते कळतं नेमकं किनाऱ्यावर, पहिला वॉश टाकल्यावर. निघण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. तो तसाच उभा राहिला तर कागद चांगला. लगेच आत जिरून गडद डाग पडला तर तो गठ्ठा रेखाटनांसाठी बाजूला काढा आणि दुसरा घेऊन निघा.